भागम्माचा ओल्या पायांचा कांदा

राणीसावरगावात ईश्वरअप्पांपुढं कांद्याबद्दल चार शब्द बोलायची कुणाची छाती नाही. चाळीस वर्षं कांदा पिकवलेला माणूस! पात नुसती हुंगून वाण सांगतात म्हणे. म्हणे म्हणजे तेच म्हणतात. पण ह्याच अप्पांनी आयुष्यात एक कांदा बुडवला आणि तो नेमका बायकोचा, भागम्माचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

भागम्माचं माहेर पाथरीकडं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी. तिथल्या चिखलात रानकांदे उगवायचे. खायचे नव्हेत, फुलांचे. हातभर दांडा आणि त्याच्या टोकाला लांब पाकळ्यांची पांढरी फुलं. संध्याकाळी उमलली की दारापर्यंत वास. तिची आई गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला हेच फूल घ्यायची. पुढं बंधारा झाला आणि तो काठ पाण्यात जाणार असं कळलं, तशी भागम्मा गेली आणि चार कांदे चिखलासकट पिशवीत घालून एस्टीत बसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, चिखलाचं बी तिकीट काढा." ती म्हणाली, "काढते की. पर त्याला खिडकीपाशी जागा दे."

तिनं कांदे परसात लावले. पानं धरली. तेवढ्यात त्रिवेणीच्या, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला तिला जिंतूरला जावं लागलं. जाताना अप्पांना म्हणाली, "निस्तं पाणी घाला. दुसरं कायबी करू नका."

इथंच घोळ झाला. महिन्याभरानं पानं आडवी पडली. त्या झाडाची पानं पडतातच, पण अप्पांचा डोळा पडला कांदेवाल्याचा. पात पडली म्हणजे माल तयार! त्यांनी पाणी तोडलं, कांदे उपटले, सावलीत सुकवले, माना छाटल्या आणि शाबासकीची वाट बघत बसले.

"अवं, हे काय केलंत?" जिंतूरहून परतलेली भागम्मा परसात पाऊल टाकताच ओरडली.

"सुकीवले. आता सा म्हैने नासत न्हाईत बघ."

तिनं तांब्या फेकला असं शेजारची दगडाबाई शपथेवर सांगते. दगडाबाईच्या शपथा आठवड्याला बदलतात, ते सोडा. भागम्मानं मग एकेक कांदा दाबून पाहिला. तीन पोकळ, एक टणक. आता नदीकाठच नव्हता, मग दुसरा आणायचा कुठून?

"तुमचा कांदा पाणी तोडल्यावर पिकतोय," ती म्हणाली. "ह्याचे पाय सदा वलेच लागत्यात."

दारातल्या हापशाचं सांडलेलं पाणी जिथं साचायचं, तिथं तिनं जुनं शेण आणि काळा गाळ कालवून तो एकुलता कांदा लावला. कांद्याची मान जमिनीच्या वर ठेवली आणि म्हशींचे खूर लागू नयेत म्हणून भोवती दगड रचले.

दगडाबाई पाण्याला आली की विचारायची, "भागाक्का, भजे कवा?"

"तुज्या सुनंला तळायला आले की."

उन्हाळ्यात हापसा कोरडा पडला, तर ह्या बाईनं डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी थेंब न सांडता तिथं नेऊन ओतलं. सकाळ-संध्याकाळ, एक दिवस चुकला नाही. असे दोन उन्हाळे गेले. पानं आली, फुलाचा पत्ता नाही. अप्पा त्या बाजूनं जाताना मान वळवून घेत.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर दांडा वर आला. संध्याकाळी तीन फुलं उमलली. भागम्मा अंधार पडेस्तोवर तिथून हलली नाही.

सकाळी बघते तर दोनच!

"दगडे, तुजी शेळी बांदून ठिवता येत न्हाई का?"

"माजी शेळी फूल खाऊन दांडा सोडंल का? येवडी देवभोळी न्हाई ती!"

बोलणं बरोबर होतं. भागम्मा तणतणत घरात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. अप्पा पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर लिंग, लिंगावर ते पांढरं फूल, डोळे घट्ट मिटलेले. पूजेत बसलेल्या माणसाला बोलायचं नाही, हा तिच्या आईचा दंडक. तोही अप्पांना पक्का ठाऊक. एरवी पाच मिनिटांत उरकणारी पूजा त्या दिवशी संपता संपेना. मधेच एक डोळा किलकिला झाला, बायको दिसली, पुन्हा मिटला.

भागम्मा मागं फिरली. हापशापाशी जाऊन तिनं दुसरं फूल खुडलं, हातपाय धुतले, आणि आपलं लिंग तळहातावर घेऊन नवऱ्याशेजारी बसली.

बाहेर एक फूल उरलं होतं. ते दगडाबाई बघत होती, शेळीला गच्च धरून.