आईच्या डायऱ्या आणि धुळ्याचा मेकॅनिक

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. जळगावात आमच्या घरचा कॉम्प्युटर एका दुपारी टक... टक... असा आवाज करायला लागला, आणि मी धावत जाऊन आधी तो बंद केला.

कारण त्यात आईच्या डायऱ्या होत्या. आई नर्स. भडगावकडच्या खेड्यांत तीस वर्षं तिनं बाळंतपणं केली आणि प्रत्येक बाळाची नोंद ठेवली... आईचं नाव, गाव, तारीख, वेळ, वजन. घरात जन्मलेल्या कित्येकांच्या तारखेची नोंद तेवढीच! शाळेचं नाहीतर नोकरीचं काम निघालं की लोक थेट आईकडे येत.

डायऱ्यांना वाळवी लागली तेव्हा आम्ही दोघींनी आठ महिने बसून सगळं टाइप केलं. ती वाचायची, मी टाइप करायचे. नंतर डायऱ्यांचा भुगा टाकून दिला. म्हणजे आता मूळ नोंद होती ती कॉम्प्युटरच्या त्या डब्यात.

मेकॅनिक दिलीपभाऊ धुळ्याचे, दर मंगळवारी जळगावला यायचे. डब्याला कान लावून म्हणाले, "ताई, हार्ड डिस्क जायला लागली आहे. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवू. पण ही धुळ्याला माझ्या दुकानात न्यावी लागेल."

धुळ्याला? इथे का नाही? शेजारच्या वहिनींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं... मेकॅनिक लोक चांगला पार्ट काढून घेतात आणि जुना बसवून देतात. त्यांनी डिस्क काढल्यावर मी तिच्यावरच्या स्टिकरचा नंबर गुपचूप हातावर लिहून घेतला आणि जाहीर केलं, "उद्या डिस्क घेऊन मीच येते."

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघाले. डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं... हात काही सुटला नाही. पर्समध्ये बारा फ्लॉपी पण होत्या. त्यांत मी सगळं आधीच उतरवून ठेवलं होतं. कुणी फसवलंच तर माझी तयारी होती!

दुकानात पोचल्यावर दिलीपभाऊ म्हणाले, "वेळ लागेल ताई. समोर चहा घेऊन या." मला बाहेर का घालवताय, ते कळतंय मला... "चहा पीत नाही मी," मी म्हटलं. साफ खोटं.

दोन तास स्टुलावर बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवली. कॉपी संपली. आणि मग त्यांनी चक्क आईची फाइल उघडली. एकेक ओळ बोट लावून वाचायला लागले. नंतर दुसरी, तिसरी...

मी उठलेच. "भाऊ, लोकांच्या घरची माहिती आहे ती. तुम्ही कशाला वाचताय?"

ते मागे वळले. "कॉम्प्युटर म्हणतो कॉपी झाली. मी उघडून बघितल्याशिवाय मानत नाही, ताई. तुम्ही कॉपी ठेवली आहे का कशात?"

मी ऐटीत फ्लॉपींचा डबा पुढे केला. पहिली घातली... घरघर, आणि एरर. दुसरी, तिसरी, तेच. बारापैकी दोन उघडल्या, त्यांतल्या एकीत नुसते चौकोन. गेलं वर्षभर मी ज्यांच्या भरवशावर निवांत झोपत होते, त्या फ्लॉपी एकदाही पुन्हा घालून बघितल्या नव्हत्या.

"कुठे ठेवता या?"

"स्टॅबिलायझरवर..."

"त्यातल्या चुंबकानं पुसल्या असतील, ताई," एवढंच म्हणाले. तेच जास्त लागलं.

मग त्यांनी कॉपीची डिस्क फोममध्ये गुंडाळून माझ्या हातात दिली. "ही घरी ठेवू नका. दुसऱ्या गावी ठेवा."

बघा, आलं बाहेर! "म्हणजे तुमच्याकडेच ठेवायची, असंच ना?"

"माझ्याकडे कशाला?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "माझ्या दुकानाची मलाच खात्री नाही. बहीण-भाऊ असेल ना कुणी बाहेरगावी?"

माझी बहीण फैजपूरला होती. कॉपीची डिस्क तिच्या कपाटात गेली, जुनी परत घरच्या कॉम्प्युटरमध्ये.

महिनाभरात घरचा कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच झाला नाही. जुनी डिस्क गेली ती गेलीच. मेहुण्यांनी फैजपूरहून कॉपी आणली आणि मंगळवारी दिलीपभाऊंनी ती बसवली.

त्याच दिवशी भडगावकडची एक बाई मुलीच्या शाळेच्या कामासाठी येऊन बसली होती. आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत होतो. तिला राहवेना. "सिस्टरबाई, मन्ही पोरनी तारीख सापडनी का?"

आईनं चष्मा लावला, वाकून बघितलं. "सापडली गं. पहाटे चार वाजता. अडीच किलो." बाईनं स्क्रीनलाच हात जोडले.

आई म्हणाली, "तिकडे नको, यांना जोड." दिलीपभाऊ एवढे लाजले की स्क्रू ड्रायव्हर इथेच विसरून गेले.

त्या दिवशी स्टुलावर बसून मी काय काय मनात आणलं होतं, ते त्यांना कधी सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. ज्या माणसावर मी इतका संशय घेतला, त्यानं तो संशय स्वतःच्या कामावर माझ्याहून जास्त घेतला होता... म्हणून एवढ्या लेकरांच्या तारखा वाचल्या. भाऊ, जिथे असाल तिथे, मनापासून आभार.