वसंतभाऊंची रद्द झालेली सही

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते, अशी माझी घरात ख्याती. तरी हे लिहितेय... कारण माझ्याच कॉम्प्युटरवर घडलं.

बोरगाव मेघेला एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मी आणि वसंतभाऊ, दोघंच. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो – कापसाच्या गंजीत, म्हणजे ढिगात, सेन्सर खुपसायचे, गंजी आतून तापली की भोंगा वाजतो. कोड लिहायला मला भाऊंनीच शिकवलं. समुद्रपूरच्या एसटीत, मांडीवर लॅपटॉप ठेवून. मधेच खिडकीबाहेर बोट – "थे वावर पाह्य, काय बोंडं फुटले!" आणि लगेच, "सही केल्याबिगर एक ओळ बी पाठवजो नोको. कोनाची ओळ हाय, मशीनले समजलं पाह्यजे."

ही सही डिजिटल. प्रत्येकाची आपली गुप्त चावी असते, तिच्याशिवाय ती सही दुसऱ्याला जमतच नाही. सही केलेला असा बदल म्हणजे कमिट.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. हार्ट अटॅक. नियमाप्रमाणे त्यांची चावी मी रद्द केली, त्यांच्या पत्नी शोभावहिनींसमोर ती चावी असलेली लॅपटॉपची डिस्क फोडली. दुसरी कॉपी नव्हती. त्या दिवशी भाऊंना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

मग सीझन सुरू झाला. जामजवळच्या एका जिनिंगसाठी मी सकाळी नवा कमिट केला, ऑफिसला कुलूप लावून घरी जेवायला गेले. दुपारी येऊन पाठवायला बसले तर सह्यांची आपोआप होणारी तपासणी अडलेली. माझ्या कमिटच्या वर आणखी एक कमिट. खाली वसंतभाऊंचं नाव. सही खरी, पण चावी रद्द – असं स्क्रीनवर स्पष्ट.

आधी वाटलं, चोरी. चावी ताडून पाहिली – तीच. जुनं काहीतरी कुणी आत्ता सरकवलं म्हणावं, तर तो कमिट माझ्या त्याच सकाळच्या कामावर रचलेला! सोबत निरोप, भाऊ लिहायचे तसाच – "पोरी, वायर तुटली तं काय करशीन? हे राहून गेलतं."

बदल एकाच ओळीचा – वायर तुटली तरी भोंगा वाजावा. सेन्सरची वायर तुटली असती तर माझा कोड जुनंच तापमान धरून 'सगळं ठीक' म्हणत बसला असता.

रद्द चावीचं काही घ्यायचं नाही, हा नियम भाऊंचाच. मी तो कमिट नाकारला. मग तीच ओळ स्वतः टाईप केली, माझी सही केली आणि पाठवली. टाईप करताना अक्षरं धूसर दिसत होती.

थोड्याच दिवसांनी तिथल्या मुकादमाचा फोन. "म्याडम, उंदरानं वायर कुरतडली व्हती. भोंगा वाजला म्हून गंजी उपसून पाह्यली, तं आतून धुमसून राह्यली व्हती. बाजूलेच बाया जेवाले बसल्या व्हत्या!" कुणाला काही झालं नाही.

जाणकारांना दाखवलं. म्हणाले, चावीची कॉपी असेल कुणाकडे. असेलही... पण अजून कुठेच न पाठवलेल्या कोडमधली माझी चूक त्याला कशी दिसली?

शेवटी शोभावहिनींना सांगितलं, निरोप वाचून दाखवला. त्या मेथी निवडत होत्या. मग म्हणाल्या, "तुले लिहिलं. मंग मले काऊन नाई लिहिलं काई त्याईनं?"

त्या सहीचं कोडं मला सुटलेलं नाही. आणि वहिनींना काय सांगावं, तेही अजून सुचलेलं नाही.