रिपोर्ट नॉर्मल, ओटीपोट सोडून

पहिल्यांदा मला एसटीच्या सीटचीच चूक वाटली. धाराशिवला येताना ओटीपोटात बारीक कळ आली, मी सरकून बसले. मग ऑफिसची खुर्ची बदलली, उशी आणली, जीन्स सोडली. कळ तिथंच. याला दोन वर्षं झाली. आता दर मंगळवारी फिजिओथेरपीच्या बाकावर याच दुखण्याच्या आम्ही तिघी भेटतो, आणि किस्से इतके साठलेत की नंबर आला तरी कुणी उठत नाही.

*

सल्ले तिघींनाही मिळालेत. मला, "लग्न झालं की जाईल." मुरुमच्या मंगलताईंच्या लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांना, "मूल झालं की जाईल." शबानाआपांना तीन मुलं. त्यांना सांगितलं, "मुलं झाल्यामुळंच आहे."

आपा म्हणाल्या, "म्हंजे मधी एक दिवस तरी बरं वाटायला पायजे होतं. त्या दिवशी मी झोपले असंन."

*

माझी या महिन्यातली सोनोग्राफीही नॉर्मल आली. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. मी थँक यू म्हणाले आणि बाहेर पायरीवर पोट धरून बसले.

तिथूनच आईला फोन लावला. आई तेरखेड्याला फटाक्यांच्या शेडमध्ये वाती बसवते.

"काय न्हाय म्हणतेत तर काय न्हाय. तुला दचकायची सवयच हाय."

"तुझ्यापेक्षा रिपोर्ट बरा," मी म्हणाले, "तो निदान टोमणे मारत नाही."

त्यानंतर नऊ दिवस तिनं फोन उचलला नाही. शेडमध्ये मोबाईल नेत नाहीत, गेटवरच्या खोक्यात ठेवतात. त्यामुळं आई रागावलीय की कामावर आहे, हे कळायची सोय नाही.

*

फिजिओच्या मॅडमनी मात्र तिघींना नीट सांगितलं. "दुखणं खरंच आहे. फक्त मेंदू एकदा घाबरलाय, आता साध्या ताणालाही धोका समजून कळ पाठवतो. त्याला हळूहळू पटवायचं."

मंगलताईंनी घरी एवढंच कळवलं, "मेंदूचं हाय म्हणाल्या." संध्याकाळपर्यंत सासूनं डोकं थंड करायचं तेल आणलं.

"आता हे कुठं लावू?" मंगलताईंनी बाकावर बाटली काढून विचारलं.

"सासूला," आपा म्हणाल्या.

*

या मंगळवारी शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन पडलं आणि मी व्यायामाच्या गादीवरून उडालेच. कळ मांडीपर्यंत गेली.

मॅडम हसल्या. "तेरखेड्याची ना तू? लहानपणी रोज फटाके वाजायचे तेव्हा काय करायचीस?"

"तेव्हा नव्हते दचकत. आई आधी सांगायची."

मॅडमनी हसणं थांबवलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

बाहेर आले तेव्हा एक वाजला होता. शेडची जेवणाची सुट्टी. आता मोबाईल तिच्या हातात असणार. दुखणं खरं आहे, एवढंच मला तिला सांगायचं होतं. दोनदा रिंग पूर्ण वाजून बंद झाली.

"लाव अजून एकदा," आपा म्हणाल्या.

तिसऱ्यांदा उचलला.

"थांब," आई म्हणाली, "शेडमागं एक फटाका लावायलेत. वाजंल आता. दचकू नको."