मस्कतचा भाव, भिलाईची मूठ

नागपूरहून निघालेल्या पॅसेंजरमध्ये मला अशी डुलकी लागली की भिलाई मागे पडलं आणि मी कुम्हारीला उतरलो. तिथून बसने उलटा आलो. मस्कतहून विमानाने नीट आलेला माणूस भावाच्या घरी येताना चुकला, म्हणून दादा पोट धरून हसला.

दादा इथल्या पोलाद कारखान्यात फिटर. मस्कतला माझ्या कंपनीत त्याच्यासाठी मी एक जागा बोलून ठेवली होती आणि त्याचा होकार घेऊनच परतायचं ठरवलं होतं. तिथे मी एकटा असतो. खरं सांगायचं तर मला दादा जवळ हवा होता.

भिलाई मात्र बघत राहावी अशी. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, एका ओळीत तेलुगू, बंगाली आणि आपली भंडाऱ्याकडची घरं. वहिनींनी चिला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) टोमॅटोच्या चटणीबरोबर वाढला. असा चिला मी जन्मात खाल्ला नव्हता. खाता खाता मी दादाला त्या जागेचं सांगितलं आणि भाव सांगत सुटलो. मस्कतला एका दिवसाच्या पगारात इथल्यापेक्षा कितीतरी जास्त तांदूळ येतो, डाळही, साखरही.

"पन हे मले कावून सांगून राहिला?" दादा म्हणाला. "आमी काय उपाशी आहो का इथं?"

"चला भाऊजी, बजारात जाऊ," वहिनी म्हणाल्या. "भाव तिथंच बोला."

आठवडी बाजारात दुबराजचा (इथला सुवासिक तांदूळ) घमघमाट सुटला होता. विकणाऱ्या बाईने माप भरून वहिनींच्या पिशवीत ओतलं आणि वर एक मूठ टाकली.

"ये पुरौनी आय, भैया." (माप झाल्यावर वरून घालतात ती पुरौनी.)

"इसका कितना?" मी सवयीने विचारलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "कहाँ ले आय हे?" कुठून आलाय हा, असं तिने वहिनींना विचारलं. मस्कत ऐकून तिने आणखी एक मूठ टाकली. "पहुना बर." पाहुण्यासाठी. मी चांगलाच ओशाळलो, आणि मला फार बरंही वाटलं.

निघायच्या दिवशी दादा स्टेशनवर आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "तुहा हिशोब बरोबर आहे. तिथं पुरौनी भेटते का रे?"

"नाही."

"मंग मी नाही येत. तूच येत जा."

मस्कतला पोचल्यावर पहिल्याच सुट्टीला तांदूळ घ्यायला गेलो. काटा बिनचूक, पगाराच्या मानाने भाव खरोखरच स्वस्त. पैसे घेऊन दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभाच होतो.