न फुटणारे भांडे

त्यांचे खरे नाव दुकानाच्या पाटीवर होते, पण पाटीचा रंग उन्हाने इतका उडाला होता की ते कुणी वाचतच नसे. साऱ्या गल्लीसाठी ते घासूकाका होते. मिक्सर, इस्त्री, पंखा, काहीही दुरुस्तीला आले की काका ते आधी घासायचे आणि मग उघडायचे. झाकणाच्या रबराखाली साचलेला चिकटा आणि बटणांच्या फटीतले पीठ निघाल्याशिवाय त्यांच्या हातात पेचकस यायचा नाही.

"घासूकाकांकडे मिक्सर द्या. चालू होईल न होईल, भांड्यात बघून भांग मात्र पाडता येईल," समोरचा न्हावी म्हणायचा.

"तुझे वस्तरे आण एकदा," काका ऐकवायचे, "तेही उकळून देतो. गिऱ्हाइकं तरी वाचतील."

उकळणे हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय. दुकानाच्या मागच्या बाजूला शेगडीवर एक काळवंडलेले पातेले कायम चढलेले असे. त्यात पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा. सुटे केलेले भांडे त्यात बुडवायचे, उकळी फुटू द्यायची, की वर्षानुवर्षांचा तेलकटपणा आपोआप सुटून वर तरंगायचा. ही युक्ती त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवली होती. उस्तादांच्या काळी भांडी स्टीलची असत.

घरी बायको, सून आणि नात. मुलगा जहाजावर नोकरीला. तो फोनवर जास्त आणि घरात कमी. सून एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तयार होऊन आलेल्या काचा उजेडासमोर धरून त्यांवर चरा नाही ना, हे पाहणे हे तिचे काम. आणि नात चिऊ. ती दिवस भरायच्या आधीच जन्मली, मुठीत मावेल एवढी. कितीतरी दिवस ती इस्पितळाच्या पेटीत होती आणि घरची माणसे पेटीच्या काचेला नाक लावून उभी. घरी आली, वाढूही लागली, पण गिळण्याचे तंत्र तिला जमेना. दुधाचे ठीक होते. वरचे खाणे सुरू केले आणि गाजराचा एवढासा कण घशात अडकून ती निळी पडली. काकूंनी तिला उलटी धरून पाठीत थापटले तेव्हा कुठे तिला श्वास मिळाला.

"अन्न सायीसारखं हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कण नको, रेषा नको. काही महिने तरी."

बाजारात लहान मुलांचे अन्न वाफवून वाटून देणारी यंत्रे मिळत होती. काकांच्या दुकानातही अशी दोन-तीन दुरुस्तीला येऊन गेली होती. त्यांनी ती उघडून पाहिली होती आणि नाक मुरडले होते. "डबड्यात मोटार कोंबली आणि वर सशाचं चित्र काढलं. माझ्या नातीला मी स्वतः करून देतो."

त्यांनी खरोखरच केले. खाली जुन्या किटलीतून काढलेली वाफेची टाकी, तिच्या बाजूला उत्तम अवस्थेतली मोटार, वर भांडे. भाजीचे तुकडे टाकायचे, वाफ आत सोडायची, शिजले की बटण फिरवायचे. भांड्याचे पाते त्यांनी स्वतः इतके बारीक लावले होते की गाजराची नुसती साय व्हायची. भांडे मात्र भंगारात निघालेल्या एका महागड्या मिक्सरचे होते. काचेसारखे स्वच्छ, जड, टणक. ते नव्या बैठकीवर बसेना, म्हणून काकांनी त्याच्या तळाचा उंचवटा कानशीने घासून सपाट केला. तळाशी त्रिकोणात कोरलेला आकडा आणि खाली बारीक अक्षरे होती, तीही त्यात गेली. वरून पॉलिश पेपर मारल्यावर तळ आरशासारखा झाला.

यंत्र घरी आणले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समोर बसवले.

"साधं प्लास्टिक नाही हे, सूनबाई. बघ." आणि त्यांनी भांडे डोक्याइतक्या उंचीवरून फरशीवर सोडून दिले.

सुनेने डोळे घट्ट मिटले. भांडे टणकन उडाले आणि गडगडत पलंगाखाली गेले. चरासुद्धा नाही.

"अहो, पोर झोपलंय आत!" काकू म्हणाल्या. "एवढी हौस असेल तर स्वतः आपटून दाखवा."

चिऊ उठली, पण रडली नाही. आणि पहिल्याच वाटीला तिने तोंड उघडले. काका चमचा हवेत फिरवत ओठांनी मोटारीचा आवाज काढायचे, घुर्रर्र, आणि आवाज थांबला की चिऊचा आ. हळूहळू असे झाले की तो आवाज ऐकल्याशिवाय ती चमच्याकडे बघतही नसे. दुपारी दुकान अर्धवट ओढून काका घरी यायचे, तिला भरवायचे, आणि मग भांडे सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायचे. एकही दिवस चुकायचा नाही. "लेकराच्या तोंडात जायचं आहे," ते म्हणायचे.

"माझं डोकं तेवढं सोड्यात घालायचं राहिलंय," काकू म्हणायच्या.

चिऊचे वजन वाढू लागले. फार नाही, पण वाढू लागले. मुले असलेल्या बायका दुकानात आल्या की काका कौतुकाने सांगायचे, "सोड्यात उकळा, बिनधास्त राहा."

एका सुट्टीच्या सकाळी सुनेने भांडे पुसायला घेतले. रोज हे काम काकांचे, पण ते न्हाव्याकडे गेले होते. ते परत आले तेव्हा सून खिडकीपाशी उभी होती. भांडे तिने उजेडासमोर तिरके धरले होते.

"बाबा, हे असं कधीपासून झालंय?"

"कसं?"

"धुरकट. आणि हे बघा, जाळी."

"सोड्याचे डाग असतील गं. लिंबू मारलं की जातात."

"डाग नाहीत. मी दिवसभर हेच बघते बाबा. ह्या भेगा आहेत, आतून. पात्याजवळ तर केसासारख्या दाट आहेत." तिने भांडे फिरवले आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "आणि इथला तुकडा कुठे आहे?"

भांड्याच्या काठावर, अन्न ओतायच्या जागी, नखाएवढी खाच पडली होती.

चिऊ चटईवर बसून वाटी आपटत होती.

"काठ असेल आधीपासूनच तसा," काका म्हणाले. "भांडं पक्कं आहे. तुला दाखवलं होतं ना?" तिच्या हातून त्यांनी भांडे घेतले. काकू "अहो, नको" म्हणेपर्यंत त्यांनी ते सोडले होते. डोक्याएवढ्या उंचीवरून नव्हे, जेमतेम कमरेपासून.

टणकन आवाज आलाच नाही. कोरडे बिस्कीट मोडावे तसा आवाज आला, आणि भांड्याचा चुरा साऱ्या फरशीवर पसरला.

सुनेने आधी चिऊला उचलले. मग ती जमिनीकडे बघत उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच काकांना सोसवेना. ते गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागले. मोठे, छोटे, साखरेच्या दाण्याएवढे. काठाचा तुकडा त्यांत सापडेल, अशी त्यांची वेडी आशा होती. चुऱ्यात कुठला तुकडा काठाचा आणि कुठला तळाचा, हे त्यांना कळेना.

डॉक्टरीणबाईंनी चिऊची छाती तपासली, पोट दाबून पाहिले, घशात दिवा धरला. मग काकांनी टेबलावर ठेवलेली तुकड्यांची पिशवी त्यांनी उघडली.

"तुकडा बहुतेक शीमधून निघून गेला असेल. छाती स्वच्छ आहे. श्वासाला काही झालं, पोट फुगलं, तर लगेच आणा." त्यांनी एक तुकडा बोटांत धरून वाकवला. तो मोडला. "हे धुवत कशाने होता?"

"सोड्याने," काका म्हणाले. "उकळत्या पाण्यात. रोज."

डॉक्टरीणबाईंनी मोडलेला तुकडा टेबलावर ठेवला. "असलं एक कडक प्लास्टिक असतं, त्याला हे सोसत नाही. उष्णता आणि खार मिळून ते आतून सुटत जातं. सुटलेलं अन्नात उतरतं. तेच असेल असं मी म्हणत नाही. कोणतं प्लास्टिक आहे ते तळाच्या खुणेवरून कळेल. तळाचा तुकडा आणलाय?"

काकांनी तो शोधून दिला. डॉक्टरीणबाईंनी उलटसुलट केला. गुळगुळीत, आरशासारखा.

"खूण कुठे आहे?"

"घासली," काका म्हणाले.

सुनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. सकाळपासून पहिल्यांदाच.

"हिच्या अंगात किती गेलं असेल?" तिने विचारले. "रक्त तपासा. लागेल ते करा."

"तपासलं तरी पुढे काय होईल ते त्यातून कळणार नाही. काहीच होणार नाही, असंही असू शकेल. पण मी तुम्हाला तसं वचन दिलं तर ते खोटं असेल." त्यांनी चिऊचे वजन पाहिले. "आता प्लास्टिक बंद. भाजी स्टीलमध्ये शिजवा, स्टीलच्या गाळणीतून गाळा. आणि खाणं थांबू देऊ नका. ही काठावरची मुलगी आहे. एक-दोन दिवसांचा उपासही हिला परवडायचा नाही."

घरी आल्यावर काकांनी सवयीने चिऊची वाटी उचलली. सुनेने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, नुसती काढून घेतली.

"मी भरवते."

चिऊने तोंड घट्ट मिटले. सुनेने गाणे म्हटले, चमचा लपवला, काकूंनी खुळखुळा वाजवला. चिऊ मान फिरवून दाराकडे बघत राहिली. दारामागे काका उभे होते. तिला दिसू नयेत म्हणून ते आणखी मागे सरकले. संध्याकाळपर्यंत जे गेले ते थोडे दूध, आणि तेही निम्मे बाहेर.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली नाही. काका दुकानात गेले, कारण घरात त्यांना बसायला जागाच उरली नव्हती. शटर वर करताच पलीकडच्या इमारतीतली एक तरुण बाई आली, काखेत मूल आणि पिशवीत सशाचे चित्र असलेले यंत्र.

"काका, ह्याचं बटण अडकतंय. बाकी चकाचक आहे हं. तुम्ही सांगितल्यापासून रोज सोड्यात उकळते."

काकांनी भांडे उजेडासमोर धरले. धुरकट होते. तळाशी खूण शाबूत होती, पण तिचा अर्थ त्यांना कुठे ठाऊक होता? इतकी वर्षे त्यांनी अशा खुणांवरचा नुसता मळ काढला होता.

"हे वापरू नका," ते म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं."

"म्हणजे? काय झालं?"

त्यांनी सगळे सांगितले. ती ऐकता ऐकता मुलाला घट्ट धरत गेली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, बिनधास्त राहा! आता मी काय करू?"

स्टीलमध्ये शिजवा, एवढेच काका पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ती गेल्यावर त्यांनी शेगडी विझवली आणि पातेले मोरीत पालथे केले. अशा किती जणींना सांगितले असेल, ते आठवू लागले, आणि एकेक चेहरा आठवला की दुसरा निसटू लागला. न्हावी दारातून डोकावला.

"काका, आज पाणी थंड कसं?"

"तुझ्या बहिणीचं बाळ," काका म्हणाले, "तिलाही मी सांगितलं होतं. तिला आत्ता फोन कर. आत्ता."

न्हाव्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि थट्टा गिळून टाकली.

दुपारी ते घरी आले तेव्हा काकू दारातच बसल्या होत्या.

"काही जात नाही हो पोटात," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळपासून दोन चमचे. रडायचीही थांबलीय आता."

आतून सुनेचा आवाज येत होता. ती ओठांनी घुर्रर्र करून पाहत होती. मध्येच तिचा आवाज फाटायचा, ती थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. "घे ना गं बाई. एकच. आईसाठी."

काका स्वयंपाकघरात गेले. स्टीलच्या डब्यात गाजर उकडले, इतके की बोटाने दाबताच लगदा व्हावा. मग गाळणी घेतली आणि चमच्याच्या पाठीने ते घासू लागले. गाळून झाले की पुन्हा गाळणीत, पुन्हा घासणे. चिमटीत घेऊन पाहिले, जिभेवर ठेवून पाहिले. कण लागला की सगळे पहिल्यापासून. हात भरून आला तरी ते थांबले नाहीत. थांबले असते तर वाटी घेऊन आत जावे लागले असते.

शेवटी ते खोलीच्या दारात उभे राहिले. सुनेने मागे वळून पाहिले नाही.

"ठेवा तिथे."

त्यांनी वाटी ठेवली आणि ते वळले.

"बाबा."

"हं."

"काल मी मनात ठरवलं होतं, तुम्हाला हिला पुन्हा भरवू द्यायचं नाही. कधीच नाही." ती चिऊकडेच बघत होती. चिऊचे ओठ सुकले होते. "पण ती माझ्याकडून घेत नाहीय. तुम्ही द्या."

काका चटईवर बसले. चिऊने त्यांना पाहिले आणि मान उचलली. त्यांनी चमचा भरला, ओठ मिटले, आणि नुसती हवा बाहेर आली. आवाज निघेना. पुन्हा केले. पुन्हा नुसती हवा.

"आवाज करा बाबा," सून म्हणाली. "आवाजाशिवाय ती घेणार नाही."

"येत नाही गं."

"आलाच पाहिजे."

तिसऱ्यांदा घोगरे, तुटके काहीतरी उमटले, बंद पडत चाललेल्या मोटारीसारखे. ते थांबताच चिऊने आ केला.

चमचा तिच्या ओठांपाशी नेऊन काकांचा हात मध्येच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला. मग सुनेपुढे धरला. सुनेने डोळे बारीक करून त्यात पाहिले, काचेतला चरा शोधावा तसे, आणि होकारार्थी मान हलवली. मगच तो चमचा चिऊच्या तोंडात गेला.

दुसरा चमचाही तसाच. तिसराही. आधी उजेड, मग सुनेचे डोळे, मग ती मान. त्यापलीकडे दोघे एकमेकांशी काही बोलले नाहीत. जे आधीच आत गेले होते, ते उजेडात धरून पाहता येणार नव्हते.

चिऊला एवढा उशीर सोसेना. चमचा खिडकीकडे गेला की ती मुठीने काकांचे मनगट ओढायची. "हो, हो, देतो," काका म्हणायचे, पण हात उजेडातून खाली घ्यायचे नाहीत, सुनेची मान हलेपर्यंत.