रॉकेलात न ठेवलेली रिंग

नातीने कुकरची नवी रिंग हातात दिली आणि रबराच्या वासासरशी मी परळच्या गिरणीतल्या स्टोअरमध्ये जाऊन पोचलो. मी तिथे स्टोअरकीपर होतो. तेलाच्या पाइपला नायट्राइल रबराचीच रिंग लागे, कारण साधे रबर तेलात फुगून फाटते. दोन्ही काळीच. म्हणून नव्या मालातली एक रिंग आम्ही दिवसभर रॉकेलात ठेवून पाहायचो. त्या दिवशी मी कंटाळा केला.

"नक्की तेलाचीच ना रे?" फिटर सावंतने विचारले.

"घे मेल्या, सोनं आहे काय पारखायला?"

तो हसत गेला. आठवड्याने रिंग फाटली आणि कढत तेल त्याच्या डोळ्यांत उडाले. चौकशीत मी म्हणालो, "रिंग त्यानेच निवडली." पट्टी बांधलेला सावंत माझ्या आवाजाकडे वळला.

चाळीत अजून म्हणतात, सावंत स्वतःच्या चुकीने आंधळा झाला. ती रिंग मी दिली होती.