मुकं गाणं आणि मांडणीवरची भांडी

माझा जन्म पत्र्याच्या शेडातला. त्याआधी आमचं घर दगडामातीचं होतं, वर मातीचं जड माळवद होतं, आणि किल्लारीच्या भूकंपात ते माझ्या थोरल्या बहिणीवर पडलं. मी तेव्हा मायच्या पोटात होते. मायला ढिगाऱ्यातून लवकर काढलं, बहिणीला उशिरा. याहून जास्त मायनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेत आमचं नव्हतंच. बा दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचा. भूकंपानंतर मालकांचीच घरं पडलेली, त्याला कामावर कोण बोलावणार? शेडात उन्हाळ्यात आत पाय ठेववत नसे आणि पावसात पत्रा असा वाजायचा की जेवताना ओरडून बोलावं लागे. पण माय म्हणायची, "पत्रा बरा. अंगावर आला तर डोकं फुटंल, जीव जाणार न्हाई." पुढं सरकारनं नव्या गावठाणात स्लॅबचं पक्कं घर दिलं. त्यात आम्ही शेळ्या बांधल्या, ज्वारी ठेवली आणि झोपलो अंगणात. अख्खी गल्लीच अंगणात झोपायची. पाहुणा आला तर त्याला घरात झोपवायचे आणि मग तो छताखाली आहे म्हणून रात्रभर घोर लागायचा.

बाला मग एका लाउडस्पीकरवाल्याकडं काम लागलं. भोंगे सायकलवर बांधायचे, खांबावर चढवायचे, वायर ओढायची. हळूहळू अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या हातात आला. कार्यक्रम कोणताही असो, लग्न, जयंती, पुण्यतिथी, ग्रामपंचायतीचा प्रचार, बा आधी एकच कॅसेट लावायचा. तिच्यावरचा कागद कधीच निघून गेला होता. तिच्यातल्या त्या गाण्याला शब्द नव्हते. नुसती तार वाजायची, लांब, घसरत जाणारी, माणूस रडायच्या आधी श्वास घेतो तशी. बा त्याला मुकं गाणं म्हणायचा.

"शब्द आले की भांडण आलं," तो सांगायचा. "लग्नात रडकं चालत न्हाई, मयताच्या घरी प्रेमाचं चालत न्हाई, ह्याच्या सभेत त्याचं चालत न्हाई. हे कुठंबी चालतं." दुसरं कारण धंद्यातलं होतं. त्या गाण्याचा पहिला सूर एवढा खालचा की स्पीकरचा मोठा डबा नीट घुमतो का ते कळायचं, आणि शेवटचा एवढा वरचा की भोंगा फाटतोय का ते कळायचं.

मी लहान असताना बानं एकदा तो मोठा डबा दुरुस्तीला घरी आणला. तारा जोडल्या, कॅसेट सारली. पहिला सूर निघाला आणि मांडणीवरची ताटं वाजायला लागली.

आमच्या भागात ताटं वाजली की विचार करायचा नसतो. मायनं मला काखोटीला मारलं आणि ती अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, भिंतीपासून लांब. शेजारीण पळाली, तिला बघून पुढचं घर पळालं, एक जण तोंडाला साबण तसाच घेऊन आला. बा हातात वायर धरून दारात उभा. त्याला काही कळेना. शेवटी शेजारची म्हातारी बोलली, "भूकंप कुठला, ह्येचं गाणं हाय. जीव घेतोस का रं, मुडद्या?"

बाप्ये हसले. बाया हसल्या नाहीत. माय मला घट्ट धरून खाली बसली आणि तिचं अंग थरथरत राहिलं, गाणं बंद झाल्यावरही. ती थरथर तेव्हा माझ्या अंगात शिरली ती अजून निघालेली नाही.

त्यानंतर घरी काही लावायचं असलं की बा आधी गल्लीत हाळी द्यायचा, "बायांनो, गाणं हाय गं, जमीन न्हाई." तरी माय दर वेळी चुलीपुढून हलायची नाही, एक हात भुईला टेकवून गाणं सरायची वाट बघायची. मला वाटायचं, तिला उठायचं बळ राहत नाही.

मी लातूरला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजचं दार पाहिलेली मी पहिली. वसतिगृहात खोली वरच्या मजल्यावर मिळाली. मुलींना घराची आठवण यायची, मला स्लॅबची भीती वाटायची. चपला मी खाटेशेजारी दाराच्या दिशेनं तोंड करून ठेवायचे. एका दुपारी समोरच्या मैदानात मांडव पडला आणि तेच मुकं गाणं लागलं. मी दोन्ही हातांनी खाटेचं लोखंड आवळून धरलं. शेजारची मुलगी म्हणाली, "किती गोड आहे ना?" आणि तू अशी काय बसलीस म्हणून बघत राहिली.

पुढं मोबाइल हातात आल्यावर मी ते शोधून काढलं. कळलं ते एवढंच, की ही स्टील गिटार. मांडीवर आडवी ठेवतात आणि तारा बोटांनी दाबत नाहीत, वरून पोलादी सळई सरकवतात. म्हणून सुराला पायऱ्या नसतात. कानात इअरफोन घातले तेव्हा भांडी वाजायचा प्रश्नच नव्हता, आणि जन्मात पहिल्यांदा मी ते गाणं अथपासून इतिपर्यंत ऐकलं. सूर खालून निघतो, वर सरकत जातो, आणि दर वेळी वाटतं, आता हा घसरणार, जागा सोडून पुढं जाणार. जात नाही. नेमका थांबतो. इतकी वर्षं हे गाणं लोकांना का सोडवत नाही याचं बाकीच्यांचं कारण मला माहीत नाही. माझं हे आहे. भीती वाटते आणि ती फुकट जाते.

आता मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. खालच्या सुराला भांडी का थरथरतात हे पोरांना फळ्यावर काढून दाखवते. दाखवताना माझी नजर पंख्याकडं असते, हलत तर नाही ना.

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बा तोवर गेला होता. गावात मायच्या हाकेला धावून येईल असं कोणी उरलं नव्हतं, आणि तिचा दमा वाढत चालला होता. मी तिला इकडं आणलं. ती आली, पण झोपायला खाली. इमारतीखालच्या पार्किंगमध्येही नाही, वर स्लॅब आहे म्हणून. गेटजवळच्या कडुलिंबाखाली, कंपाउंडच्या भिंतीपासून खाट लांब ओढून. पहाटेच्या गारठ्यानं तिला धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, बाहेर झोपू देऊ नका, एखाद्या दिवशी श्वास अडकेल.

सोसायटीचे सेक्रेटरी रोज टोकायचे. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. लोक म्हणतेत, लेकीनं मायला घराबाहेर काढलं."

मायनं ते ऐकलं. "तुम्ही झोपा की तुमच्या घरात," ती म्हणाली. "मी काय तुम्हाला बाहेर बोलवायलेय का?"

पण तिला ते लागलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला गावाकडं सोड. तुझी बदनामी कशाला?" मी रागावले, समजावलं, शेवटी रडले. ऐकेना. गावात ती एकटी अंगणात झोपणार आणि धाप लागली तर सकाळीच कोणाला तरी कळणार. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

दुपारची गाडी ठरली. अहमदपूरवरून लातूर, पुढं किल्लारी. माय गाठोडं बांधायला वर आली आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसली, दार सताड उघडं ठेवून. गाडीची वेळ होत आली होती, मी तिच्या औषधांची पिशवी भरत होते. तेवढ्यात मांडणीवरची झाकणं वाजली. मग ताटं. मग पेले एकमेकांवर आपटायला लागले.

पिशवी माझ्या हातातून पडली. मी मायचा दंड धरून ओढला.

"माय, ऊठ. खाली चल."

"थांब की जरा."

"अगं भांडी वाजायलेत."

"वाजू दे." तिचा तळहात फरशीला चिकटलेला होता. "भांडी वाजायलेत, भुई गप हाय. हात ठेव हितं."

मी हात ठेवला. माझाच हात एवढा कापत होता की काही कळेना. तिनं तो आपल्या हातानं दाबून धरला. हळूहळू कळलं. फरशी थंड होती आणि शांत होती. तेव्हा कुठं मला खिडकीतून येणारा आवाज ऐकू आला. शेजारच्या इमारतीत हळदीचा मांडव होता, आणि डीजेवाला पोरगा भिंतीएवढ्या डब्यांवर मुकं गाणं लावून तपासत होता.

"तुझ्या बापाचं गाणं हाय," माय म्हणाली. "एवढी पळायला निघालीस, शाळा कुठं गेली तुझी?"

"तुला कसं कळलं?"

"हे वाजणं मी किती येळा ऐकलंय? त्येनं जलमभर छळलं मला ह्या गाण्यानं. भूकंपात आधी भुई गुरगुरती, मग भांडी. ह्येच्यात नुस्ती भांडी."

हा नियम कितपत धरायचा, मला ठाऊक नाही. मी पोरांना असं शिकवणार नाही. पण मी एवढं पाहिलं की भांडी वाजत होती, डोक्यावर स्लॅबचं छत होतं, आणि माझी माय बसून होती. शेवटचा सूर वर गेला, थांबला. पेले गप झाले.

"गाडी गेली असंल," ती म्हणाली.

"गेली."

"जाऊ दे. भुई गप हाय, पडते जरा हितंच. गाठोडं दे उशाला."

ती फरशीवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. मी तिच्याजवळ बसून पंख्याकडं बघत राहिले. तिला उठवून खाली न्यावं असं दोनदा मनात आलं, पण मी उठवलं नाही.

तेव्हापासून माय आतल्या खोलीत झोपते, पलंगावर. धाप आता क्वचित लागते. माझी भीती गेलेली नाही. पण भूकंपानंतर माझी माय पहिल्यांदा पक्क्या छताखाली झोपली, आणि ते छत माझ्या पगारातून घेतलेलं आहे.